कोचचं वकीलपत्र

एखाद्या माणसावर खटला चालवायचा तर तो माणूस समोर हवा, निदान आपल्यावर खटला चालू आहे एवढं तरी त्याला ठाऊक हवं, असा जगभर एक साधा समज आहे. आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळाला तो मान्य नाही. शहाऐंशी सालच्या दिवाळीत मंडळानं कोच हार्लन ब्रॅकेट यांच्यावर रीतसर खटला चालवला, साक्षी घेतल्या, शिक्षा ठोठावली आणि वर पुरीभाजीचं जेवण केलं. कोच त्या वेळी कित्येक मैलांवर भर मैदानात उभे होते. त्यांना याची आजतागायत कल्पना नाही. आरोपीचं वकीलपत्र माझ्याकडे होतं, म्हणून काय झालं ते कधीतरी नीट सांगणं मला भाग आहे.

कोच ब्रॅकेट म्हणजे नॉर्थ ह्यूरॉन विद्यापीठाच्या फुटबॉल टीमचे मुख्य कोच. फुटबॉल म्हणजे इथलं, ज्यात पायाचं काम अगदी कमी. टीमचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. आमची मंडळी त्यांना प्रेमात असली की ‘आपले बगळे’ म्हणायची आणि रागात नुसतेच ‘बगळे’. माझे बाबा त्या विद्यापीठात एम.एस. झाले आणि निघताना पदवीबरोबर ही व्याधी घेऊन आले. मंडळात ती त्यांनीच पसरवली. मोसमात दर शनिवारी दुपारी आमच्या तळघरात टीव्हीसमोर बैठक भरे. पुरुषोत्तमकाका देशकर, जगन्नाथकाका, मंडळाचा सेक्रेटरी गिरीश, आणि शेजारचे स्टॅन नावाचे एक निवृत्त दंतवैद्य. या दंतवैद्यांचं आडनाव पोलिश होतं. आमच्या लोकांनी ते काही दिवस तोंडात घोळवून पाहिलं आणि शेवटी त्याचं ‘पेठे’ करून टाकलं. पेठेसाहेबांनी ते विनातक्रार स्वीकारलं. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातलेल्या माणसाला लोकांच्या तोंडून काय बाहेर येईल याचं नवल वाटत नसावं.

या खेळातला एकच नियम सांगते, कारण सगळा खटला त्याच्यावर उभा होता. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यायचा. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्यात धाडस करायचं, किंवा चेंडू लाथेनं लांब उडवून मुकाट्यानं समोरच्यांच्या हवाली करायचा. याला पंट म्हणतात. कोच ब्रॅकेट नेहमी पंट करत. पाच यार्ड उरोत, एक यार्ड उरो, वीतभर उरो, ते पंट करत.

पुरुषोत्तमकाकांच्या मते हा माणूस कोच नव्हता, पोस्टमन होता. हातात आलं की दुसऱ्याकडे पोचतं करणारा. काका भूलतज्ज्ञ. दिवसभर माणसांना झोपवल्यावर जाग्या माणसांशी भांडण्याची त्यांना भूक लागे. जगन्नाथकाका आणि गिरीश त्यांच्या बाजूचे. कोचच्या बाजूला बाबा एकटे. बाबा मोटारींच्या ब्रेकवर काम करायचे. ते शांतपणे म्हणत, “गाडी पळवणं कुणालाही जमतं, पुरुषोत्तम. थांबवता यायला हवी.”

“अरे पण ती आधी सुरू तर करशील?” काका ओरडत. वर स्वयंपाकघरात कपबशा थरथरत. हे बारा महिने चाललं नाही एवढंच. फुटबॉलचा मोसम शरद ऋतूपुरता असतो, ही त्या खेळाची आमच्या घरावर मोठी कृपा.

दोन मराठी माणसांचा वाद मिटेनासा झाला की तिसरा माणूस अभिरूप न्यायालय सुचवतो. खोटं कोर्ट, खोटे वकील, खरी भांडणं. आमच्याकडे हा तिसरा माणूस गिरीश होता. आदल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात कोचनी एक यार्ड उरलेला असताना पंट केला आणि सामना घालवला, तेव्हा तळघरात असा गहजब झाला की गिरीश म्हणाला, “यार, दिवाळीच्या प्रोग्रॅममध्ये याच्यावर केसच करू. देशकरकाका सरकारी वकील, अभ्यंकरकाका डिफेन्स.” बाबांनी तत्काळ वकीलपत्र घेतलं.

मार्चमध्ये बाबा गेले. खटला मात्र कार्यक्रमपत्रिकेत राहिला.

सप्टेंबरमध्ये देशकरांकडे मंडळाची मीटिंग होती. मी आईला सोडायला गेले होते, नुसती दारात उभी होते. खटल्याचा विषय निघाला तेव्हा पुरुषोत्तमकाका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “आता बचावाला कोणी नाही. एकतर्फी निकाल लावून टाकू. पंधरा मिनिटांत आटपेल.”

बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पण एवढी वर्षं एकट्यानं धरून ठेवलेली बाजू नुसती खुर्ची रिकामी आहे म्हणून हरावी, हे मला कसंतरीच वाटलं. हरायचं तर निदान उभं राहून.

“मी उभी राहीन,” मी म्हणाले.

“सुमेधा, तुला फुटबॉल येतं?” गिरीशनं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“कोचलाही येत नाही असंच तुम्हा सगळ्यांचं म्हणणं आहे ना?”

खोलीत हशा पिकला. काका हसले नाहीत. ते म्हणाले, “ठीक आहे. पण मी दयामाया दाखवणार नाही, सांगून ठेवतो.”

आणखी एक सांगायला हवं. त्या मोसमात आमच्या तळघरात कुणी येत नव्हतं. कुणी ठरवून थांबलं नव्हतं. पहिल्या शनिवारी प्रत्येकाला वाटलं की आत्ताच कसं जायचं, आणि दुसऱ्या शनिवारी पहिल्या शनिवारी न गेल्याची अडचण झाली. आई मात्र शुक्रवारी रात्री सवयीनं मंडळींच्या मापानं साबुदाणा भिजवत राहिली. आम्ही दोघी ती खिचडी सोमवारपर्यंत खायचो. त्याबद्दल दोघीही काही बोलत नव्हतो.

तर खटला. पहिली हरकत सरलाकाकूंनी, म्हणजे सरकारी वकिलांच्याच पत्नीनं घेतली. मंडळाच्या घटनेत ‘मराठी भाषा आणि संस्कृतीचं संवर्धन’ असं उद्दिष्ट आहे. ब्रॅकेट हा इसम मराठी नाही, मग त्याच्यावर मंडळाच्या खर्चानं खटला कसा? बरीच चर्चा झाली. घटना शोधली, ती सापडली नाही. शेवटी असं ठरलं की आरोपी अमेरिकन असला तरी त्याला मराठीत बोल लावले जातील, सबब भाषेचं संवर्धन होईल. ही तडजोड मला अजूनही निर्दोष वाटते.

मग तारीख. आमच्याकडे दिवाळी तिथीवर नसते, हॉलवर असते. शाळेच्या सभागृहाची नोव्हेंबरमधली एकच शनिवारची दुपार मोकळी होती आणि समितीनं ती झडप घालून पकडली. आमंत्रणं छापून टपालात पडल्यावर गिरीशच्या लक्षात आलं की त्या दुपारी सभागृह मोकळं का होतं. त्या दिवशी बगळ्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सामना होता आणि अख्खं मिशिगन टीव्हीसमोर बसणार होतं. गणेशवंदना आणि पहिली किक एकाच वेळी. मंडळात फुटबॉलचे एवढे जाणकार असून हे कुणालाच कसं कळलं नाही? तर तारीख देशकरांच्या दिवाणखान्यात ठरत होती, आणि सगळे जाणकार त्या वेळी शेजारच्या खोलीत, ब्रॅकेटवर कोणती कलमं लावायची यावर वाद घालत होते.

उपाय एकच होता. प्रत्येकानं घरी व्हीसीआर लावून यायचा, सामना टेप करायचा, आणि सभागृहात कुणीही स्कोअर विचारायचा नाही, सांगायचा नाही, ऐकायचा नाही. तशी शपथ घेतली गेली. शपथ घेताना जगन्नाथकाका जरा जास्तच मोठ्यानं बोलले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सभागृहाची परवानगी काढायला मी गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कार्यक्रमाचं स्वरूप काय? मी म्हटलं, गाणी, नाच, जेवण आणि एक खटला. बाईंनी पेन खाली ठेवलं. शाळेच्या इमारतीत न्यायालयीन किंवा राजकीय कामकाज चालत नाही, असा नियम होता. खटला खोटा आहे, असं मी सांगितलं. खोट्याबद्दल वेगळा नियम नव्हता. त्या आत जाऊन कुणाला तरी विचारून आल्या. “आरोपी कोण आहे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोच ब्रॅकेट. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, अर्जावर ‘समाजसेवा’ असं लिहिलं आणि शिक्का मारला.

दिवे लावायला मात्र परवानगी मिळाली नाही. आगीचा धोका. म्हणून त्या वर्षी आमची दिवाळी बॅटरीवरच्या मेणबत्त्यांची झाली.

मी वाचणाऱ्यांपैकी. अडचण आली की पुस्तक आणायचं, ही माझी पद्धत. लायब्ररीतून फुटबॉलवरची पुस्तकं आणली. पानापानावर फुल्या आणि गोळे, आणि त्यांच्यामधून सैरावैरा धावणारे बाण. चार दिवसांनी मला बाण समजू लागले, पण कोचचा बचाव कुठेच सापडेना. मग साक्षीदार शोधायला निघाले. आमच्या पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, ब्रॅकेटला हाकला. पेट्रोलपंपावरच्या माणसानं तेच सांगितलं, वर काच पुसून दिली. माझ्या ऑफिसातल्या बॉसनं मीटिंग थांबवून फळ्यावर आकृती काढली आणि ब्रॅकेट काय चुकतो ते समजावलं. सरलाकाकूंनी सल्ला दिला की साडी काळी नेस, वकिलासारखी दिसशील. न्यायाधीश व्हायला तयार झालेल्या मृणालिनीमावशींनी आधीच विचारलं, “या खेळात विकेट कधी पडते तेवढं मला सांगून ठेव.” न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते, मावशींना तिची गरज नव्हती.

मला बचावाचा एकही साक्षीदार मिळेना. शेवटी पेठेसाहेब आठवले. ते बाबांच्या शेजारी बसत, वादात फारसे पडत नसत. निदान त्यांनी कोचला शिव्या दिल्याचं मला आठवत नव्हतं.

ते अंगणात पानं ओढत होते. ते अर्थात इंग्रजीत बोलत, पण बाबा त्यांची वाक्यं जेवताना मराठीत सांगायचे, त्यामुळे मला ते मराठीतच ऐकू येतात.

“शनिवारी दुपारी आमच्या मंडळाचा कार्यक्रम आहे,” मी म्हटलं. “बाबा तिथे बोलणार होते. त्यांच्याऐवजी मी बोलणार आहे. तुम्हीही याल का? चार शब्द बोलायचे. बाबांबरोबर तुम्ही इतके सामने पाहिलेत.”

पेठेसाहेबांनी टोपी काढली. “माझा सन्मान आहे,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, “त्या दिवशी मोठी गेम आहे. मी सकाळी येऊन तुमचा व्हीसीआर लावून देईन. नाहीतरी तो मीच लावायचो. तुझ्या वडिलांना ब्रेक समजायचे, घड्याळं नाही.”

टोपी काढण्याचा अर्थ मी विचारायला हवा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिली अडचण आरोपीची झाली. कोचची टोपी घालून पिंजऱ्यात बसायला एक होतकरू तरुण तयार केला होता, त्याला गोवर निघाला. गिरीशनं आयत्या वेळी हॅलोवीनमधला एक भोपळा आणला, त्यावर काळ्या शाईनं नाक-डोळे काढले, बगळ्यांची निळी टोपी चढवली आणि टेबलावर ठेवला. “सेम टू सेम,” पुरुषोत्तमकाका म्हणाले. “बोलत नाही, हलत नाही. कुणाला फरकसुद्धा कळणार नाही.”

जगन्नाथकाका पट्टेवाले होते. डोक्याला लाल फेटा, आणि खिशातल्या ट्रान्झिस्टरची, फेट्याखालून कानात जाणारी एक बारीक वायर. पुकारा करून ते दाराशी उभे राहिले, तेव्हाच पुरुषांच्या पहिल्या तीन रांगांना ती वायर दिसली. शपथ कुणीच मोडली नाही. कुणी स्कोअर विचारला नाही, कुणी सांगितला नाही. सगळे फक्त जगन्नाथकाकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

याचा माझ्या बचावावर फार वाईट परिणाम झाला. मी बोलायला उभी राहिले, “न्यायमूर्ती महाराज, पंट म्हणजे हार नव्हे—” आणि जगन्नाथकाकांनी डोळे घट्ट मिटले. सभागृहातून ‘अरेरे’ असा एक खोल सूर निघाला. पुरुषोत्तमकाका ताडकन उठले. “ऐकलंत? जनताच बोलते आहे!” मी पुढे सांगू लागले की चेंडू लांब टाकून समोरच्याच्या चुकीची वाट पाहणं ही एक नीती आहे, जगन्नाथकाकांनी कपाळाला हात लावला. मी पुस्तकातला दाखला दिला. त्यांनी फेटा काढून पुन्हा घातला. अशा परिस्थितीत बचाव करणं म्हणजे भर आगगाडीत उलट दिशेनं चालण्यासारखं होतं.

पुरुषोत्तमकाकांचं भाषण जोरदार झालं. घसा तापला, आवाज चढला, त्यांनी भोपळ्याकडे बोट रोखून विचारलं, “एक यार्ड! एक यार्ड म्हणजे किती? नऊवारीचा नववा हिस्सा! तेवढं चालता येत नव्हतं तुझ्या पोरांना?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण मधूनच काका एकदम थांबत. एखादं वाक्य टाकून बचावाच्या टेबलाकडे बघत, जसं काही तिकडून आता काहीतरी येणार. तिकडे मी कागद चाळत असे. मग ते स्वतःशीच “हं” म्हणून पुढे जात. ते थांबणं लोकांना नाटकी वाटलं असेल. मला त्या जागा ओळखीच्या होत्या. तिथे बाबा बोलायचे.

“बचावाचे साक्षीदार!” मृणालिनीमावशींनी हातोडी म्हणून आणलेला खलबत्त्याचा बत्ता आपटला.

दार उघडलं आणि पेठेसाहेब आत आले. काळा सूट, काळा टाय, केस पाणी लावून बसवलेले. हातात झाकलेलं एक काचेचं भांडं. आमच्या इथे कुणी गेलं की शेजारी असंच भांडं घेऊन येतात. मार्चमध्ये आमच्या ओट्यावर अशा भांड्यांची रांग लागली होती. ते भांडं बघितल्यावर मला कळलं. त्यांना ही शोकसभा वाटली होती.

आता सांगायचं तरी काय? ते दोन्ही हातांत भांडं धरून मधल्या वाटेनं गंभीरपणे चालत आले. वाटेत त्यांनी फेटा घातलेल्या जगन्नाथकाकांना मान लववली, बत्ता हातात घेतलेल्या मावशींना मान लववली, आणि टेबलापाशी आल्यावर टोपी घातलेल्या भोपळ्याकडे जरा वेळ पाहून, तिथलीही रीत असेल असं समजून, त्यालाही लववली. सरलाकाकूंनी उठून त्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि पुरीभाजीच्या टेबलावर जरा अंतर राखून ठेवलं. त्यात काय होतं ते आम्ही विचारलं नाही. जगन्नाथकाकांनी नंतर ते दोनदा वाढून घेतलं.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, “मि. पेठे, हे थोडं वेगळं आहे. हा कोच ब्रॅकेटवरचा खटला आहे. खोटा. बाबा त्यांचे वकील होते.”

पेठेसाहेबांनी सभागृहाकडे पाहिलं. मग ते अगदी हलकं हसले. “तर मग मी चुकीचा सूट घातला,” ते म्हणाले. “पण ठीक आहे. विचार.”

मी विचारलं, गिरीश भाषांतराला उभा राहिला. “तुम्ही आणि माझ्या वडिलांनी अनेक वर्षं हे सामने एकत्र पाहिले. कोच ब्रॅकेट यांना कोचिंग येतं का?”

“नाही,” पेठेसाहेब म्हणाले.

गिरीशनं याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. सभागृह कोसळलं. माझा एकमेव साक्षीदार. मावशी बत्ता आपटत राहिल्या. पुरुषोत्तमकाका दोन्ही हात वर करून उभे होते. पेठेसाहेब गडबड शमेपर्यंत सभ्यपणे थांबले आणि म्हणाले, “अजिबात येत नाही. तुझ्या वडिलांनाही ते माहीत होतं.”

आता काका पुढे आले. उलटतपासणीचा हक्क त्यांचा होता. पण ते इंग्रजीत, अगदी साध्या आवाजात बोलले. “काय माहीत होतं?”

“की ब्रॅकेट वाईट कोच आहे. पहिल्यापासून.”

“पहिल्यापासून?”

“तुम्ही सगळे जिना चढून गेलात की तो मला म्हणायचा, पुरुषोत्तमचं बरोबर आहे. तिथे पंट करायला नको होता.”

काकांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग मराठीतच, कुणाकडेही न बघता म्हणाले, “मग लेकाचा भांडत कशाला होता माझ्याशी?”

गिरीशनं भाषांतर केलं. ‘लेकाचा’ त्यानं गाळलं.

“मी त्याला एकदा तेच विचारलं,” पेठेसाहेब म्हणाले. “तो म्हणाला, स्टॅन, सगळ्यांचं एकमत झालं तर हाफटाइमला सगळे उठून घरी जातील.”

आई बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं पदर सारखा केला, एवढंच.

“सरकारपक्षाचे प्रश्न संपले,” काका म्हणाले आणि बसले. शेवटचं घणाघाती भाषण त्यांच्या खिशातच राहिलं.

मी उठले. पुस्तकांतून काढलेले मुद्दे टेबलावर होते. “बचावपक्षाला काही म्हणायचं नाही,” मी म्हटलं.

मृणालिनीमावशींनी बत्ता उचलला, विचार केला, खाली ठेवला. “आरोपीला कोचिंग येत नाही, हे दोन्ही पक्षांना आणि मयताला मान्य आहे, असं दिसतं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आरोपी दोषी. शिक्षा अशी, की त्यानं आणखी एक वर्ष याच टीमला शिकवावं, आणि या सगळ्या मंडळींनी ते बघावं. कोर्ट उठलं. पुऱ्या गार होताहेत.”

जेवताना सगळे जगन्नाथकाकांभोवती जमले. शपथ संपली होती, आता तोंडानं सांगायला हरकत नव्हती. ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, “खरं सांगू? गणेशवंदनेतच बॅटरी गेली. मेणबत्त्यांमध्ये कमी पडल्या म्हणून त्या गिरीशनं माझ्या नव्या काढून जुन्या घातल्या वाटतं.”

“मग ते डोळे मिटत होतात ते?”

“दाढ दुखतेय रे कालपासून.”

पेठेसाहेबांनी त्यांना उजेडाकडे नेलं आणि तोंड उघडायला सांगितलं.

म्हणजे सामन्याचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मंडळी टेप पाहायला घाईघाईनं निघाली. पण शाळेच्या फोनवरून चौकशी करता एकेक करून सगळे व्हीसीआर धारातीर्थी पडल्याचं निष्पन्न झालं. गिरीशनं मागच्या महिन्यात घड्याळ तासभर मागे करायचं होतं ते केलंच नव्हतं; त्याच्याकडे सामन्याआधीच्या मासेमारीच्या कार्यक्रमाचं सविस्तर चित्रण झालं होतं. पुरुषोत्तमकाकांच्या टेपवर त्यांच्या मुलीनं, दीपानं, गाण्याचा चॅनेल भरून ठेवला होता. “डॅड, तू म्हणालास काहीतरी टेप कर!” असं तिचं म्हणणं. जगन्नाथकाकांनी ट्रान्झिस्टरच्या भरवशावर काहीच केलं नव्हतं.

“आमच्याकडे आहे टेप,” आई म्हणाली. “पेठ्यांनी लावलाय.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग आधी जगन्नाथकाका आणि मागोमाग बाकीचे आपापल्या गाड्यांकडे चालू लागले. भोपळा सरलाकाकूंनी घेतला. “घारगे होतील,” त्या म्हणाल्या. “टोपी तुमची तुम्ही घ्या.”

तळघरात नेहमीच्या जागा नेहमीसारख्या घेतल्या गेल्या. बाबांच्या तपकिरी खुर्चीत कुणी बसलं नाही. आईनं किती कप असं न विचारता चहा खाली पाठवला. टेप सुरू झाली. पेठेसाहेबांनी ती अगदी सुरुवातीपासून पकडली होती.

सामना चालू होता आणि कुणी बोलत नव्हतं. “वाईट,” असं मधूनच जगन्नाथकाका म्हणत. “खरंय,” गिरीश म्हणे. एकमत किती कंटाळवाणं असतं, हे मला तेव्हा प्रथमच कळलं. चारांपैकी दुसऱ्या सत्रात, हाफटाइमच्या थोडं आधी, तो प्रसंग आला. चौथा प्रयत्न, एक यार्ड. कोच ब्रॅकेट कडेला उभे, हाताची घडी, चेहरा भोपळ्यासारखाच. त्यांनी पंट केला.

एरवी छत उडालं असतं. पुरुषोत्तमकाकांनी तोंड उघडलं, तपकिरी खुर्चीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. थोड्या वेळानं त्यांनी घड्याळ बघितलं. “हाफटाइमला निघावं म्हणतो,” ते म्हणाले. “सरला वाट बघत असेल.”

जगन्नाथकाकांनी बुटांकडे हात नेला.

मी पडद्याकडे पाहत होते. पुस्तकातले बाण डोळ्यांसमोर होते, पण ते काही कामाचे नव्हते.

“बरोबर केलं त्यांनी,” मी म्हणाले.

“काय?” काका म्हणाले.

“पंट. वारा पाठीशी आहे. चेंडू अगदी त्यांच्या दारात नेऊन टाकला. आता चूक त्यांनी करायची.”

“सुमेधा, एक यार्ड होता! एक! आणि आजच दुपारी तुझ्या साक्षीदारानं—”

“साक्षीदार चुकू शकतो. गाडी पळवणं कुणालाही जमतं, काका. थांबवता यायला हवी.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला, कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

“अगं पण ती आधी सुरू तर करशील?” ते ओरडले. वर कपबशा थरथरल्या. “तुला काय कळतं गं फुटबॉलमधलं? चार पुस्तकं वाचलीस म्हणून? वहिनी! वहिनी, ऐकलंत का तुमची लेक काय म्हणतेय?”

पेठेसाहेबांनी काळा टाय सैल केला आणि पाय पसरले.

हाफटाइम कधी आला नि गेला ते कुणाला कळलं नाही. त्या सोमवारी आमच्याकडे साबुदाणा उरला नव्हता.